कानात डे ला सोल, पायाखाली ठाणे

शुक्रवार : नौपाडा, तलावपाळी

साताऱ्याहून ठाण्यापर्यंतच्या एसटी प्रवासात लिहिण्यासारखं एवढंच, की लोणावळ्याला लागलेला पाऊस नौपाड्यात ताईच्या दारात पोचेपर्यंत हटला नाही. आषाढ सरत आला होता. हातात टॉवेल देता देताच ताईनं बजावलं, "मासे काय खायचे ते या रविवारी खाऊन घे, पुढं श्रावण लागतोय."

या खेपेचं निमित्त होतं भाचा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अभ्यासातून उरलेला, खरं तर अभ्यासातून चोरलेला, सगळा वेळ हिपहॉपला देतो. माझी मजल भजन, नाट्यगीत आणि जत्रेतला तमाशा एवढीच. पण गेलं वर्षभर तो गाणी पाठवतोय आणि मी ऐकतोय. या वेळी त्यानं बेतच आखला होता. एकच अल्बम, तुकड्यातुकड्यानं, ठाण्यात आणि नवी मुंबईत हिंडत ऐकायचा. डे ला सोल या त्रिकुटाचा १९८९ चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'.

"मामा, तुझ्यासाठी वेगळी यादी केलीये. गाण्यांच्या मधे ते लोक फालतूपणा करतात, तो सगळा काढून टाकलाय."

"काढलेलं परत घाल," मी म्हटलं. "ऐकायचा तर अख्खा, नाहीतर चहा पिऊन झोपतो."

यावरून आमची जी जुंपली ती मी परत निघेपर्यंत चालू होती.

हे तिघे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या अमिटीव्हिल गावचे. पॉस्डनूओस, ट्रुगॉय आणि मेसिओ. ट्रुगॉय हे 'योगर्ट' उलटं लिहून केलेलं नाव, कारण गड्याला दही आवडायचं. निर्माता प्रिन्स पॉल, हाही त्यांच्याच वयाच्या आसपासचा. त्या काळी रॅप म्हटलं की सोन्याच्या जाड साखळ्या आणि चढ्या आवाजातला दम. यांच्या मुखपृष्ठावर मात्र भडक पिवळा रंग आणि फुलंच फुलं. लोकांनी लगेच हिप्पी ठरवलं, त्यावरही या पोरांनी एक गाणं करून टाकलं.

पाऊस रिमझिमीवर आला तसे तलावपाळीला गेलो. मासुंदा तलाव काठोकाठ, नावा बांधून ठेवलेल्या, कोपिनेश्वराच्या बाजूला छत्र्यांची गर्दी. भाजलेलं कणीस घेतलं, एकेक इअरफोन कानात घातला आणि भाच्यानं पहिला ट्रॅक लावला.

पहिला ट्रॅक म्हणजे गाणंच नाही. टीव्हीवरच्या बक्षिसांच्या कार्यक्रमासारखा एक सूत्रधार चार स्पर्धकांना प्रश्न विचारतो. कोंबडीच्या अंगावर पिसं किती? बॅटमॅनची गाडी किती वेळा पंक्चर झाली? स्पर्धक गोंधळतात आणि तेवढ्यात गाणं सुरू होतं. त्यातला मुखडा अमेरिकेतल्या लहान मुलांना टीव्हीवर गणित शिकवणाऱ्या एका गाण्यावरून उचललेला. शेवटाकडे जुना अमेरिकन गायक जॉनी कॅश याचा जाड आवाज येतो, पाणी तीन फूट चढलंय आणि चढतंय म्हणून. अल्बमचं नाव तिथूनच आलंय. कॅशचं मूळ गाणं त्याच्या लहानपणी, १९३७ साली, अर्कान्सासमधल्या घरादारात शिरलेल्या पुराचं. पुढं अर्ध्या शतकानं तीन पोरं त्यातली एक ओळ कापून आपल्या नावावर लावतात. कठड्यापलीकडं मासुंद्याचं पाणी हातभरच खाली होतं. मला आपलं उगाच तिकडं बघावंसं वाटत राहिलं.

स्पर्धक मधूनमधून परत येऊन वेडीवाकडी उत्तरं देतात. भाच्याचा त्यालाच आक्षेप. मी त्याला आमच्या गावच्या जत्रेतला तमाशा सांगितला. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. बतावणीत दोन गडी उभे राहून अघळपघळ बोलतात, त्याचा पुढच्या वगाशी काडीचा संबंध नसतो. पण बतावणी चालू असताना कनातीतून उठून जाणारा माणूस मी बघितलेला नाही. उलट सोंगाड्या चांगला असेल तर लोक वग विसरतात, बतावणी लक्षात ठेवतात.

"मामा, कनातीतून उठायला लाज वाटते. मोबाईलवर पुढं ढकलायला अंगठा लागतो फक्त."

मुद्दा चुकीचा नव्हता. म्हणून मी दुसरं कणीस मागवलं.

(पावसाळ्यात तलावपाळीला संध्याकाळी सातच्या आत जावं. नंतर बसायला कोरडी जागा मिळत नाही. जांभळी नाक्याचा बाजार लागूनच आहे, तिथली भाजी ताईच्या मते नौपाड्यापेक्षा स्वस्त. मी पडताळलेलं नाही.)

शनिवार : मिसळ, येऊर आणि ताईचं स्वयंपाकघर

सकाळी मामलेदारची मिसळ. ठाण्यात येऊन ती न खाता गेलो असं सांगायची सोय नाही. रांग होतीच. भाच्यानं माझ्याकडं न बघता दोन तिखट सांगितल्या. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली आणि इअरफोन काढावा लागला. नवख्यांनी मध्यम सांगावी, त्यात कमीपणा नाही.

रांगेत उभं असताना ऐकला तो तुकडा मला सगळ्या अल्बमात चमत्कारिक वाटला. जेमतेम मिनिटभराचा. एक बाई फ्रेंच शिकवायच्या जुन्या तबकडीतून वाक्यं म्हणतेय आणि खाली एक सुस्तावलेला ऑर्गन वाजतोय. रॅप नाहीच. तो ऑर्गन 'द टर्टल्स' या साठच्या दशकातल्या बँडच्या गाण्यातून घेतलेला, न विचारता. त्या बँडवाल्यांनी दावा ठोकला, प्रकरण कोर्टाबाहेर पैशांवर मिटलं. उचललेल्या तुकड्यांची परवानगी आधी घ्यायची ही धास्ती रेकॉर्ड कंपन्यांना लावणाऱ्या खटल्यांत हा एक.

त्याचे भोग मग पुढं तीस वर्षं चालले. मूळ परवानग्या तबकडी आणि कॅसेटच्या काळातल्या, इंटरनेटचा त्यात विचार नव्हता. त्यामुळं जगभरची गाणी फोनवर आली तरी हा अल्बम येईना. २०१४ च्या व्हॅलेंटाईन डेला या तिघांनी वैतागून म्हणा किंवा प्रेमानं म्हणा, आपली गाणी २५ तास फुकट वाटली. रीतसर सगळीकडं ऐकायला मिळाली ती ३ मार्च २०२३ ला. भाचा तेव्हा रात्री जागा राहिला होता. पेपरची आदली रात्र असावी तशी उजळणी करत, असं ताई म्हणाली.

मिसळीनंतर येऊरला रिक्षा केली. रिक्षावाले काका जुन्नरचे, गप्पिष्ट. गाडीत मोठा स्पीकर होता. "तुमचं गाणं लावा की, आम्हीबी ऐकतो," म्हणाले. योगायोग असा की यादीत पुढचं गाणं हिरवळीवरच्या खड्ड्यांचं होतं आणि रिक्षा एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात चालली होती. गाण्यातले खड्डे वेगळे. यांच्या ओळी चोरणाऱ्यांनी यांच्या अंगणात पाडलेले. पण मधेच एक माणूस योडलिंग करतो, सोबत मोरचंगासारखं काहीतरी बॉइंग बॉइंग वाजतं. हा तुकडा 'पार्लमेंट' या फंक बँडचा आहे.

काकांनी आरशातून मागं बघितलं. "किशोरदा?"

"नाही हो, अमेरिकन आहे."

"असंल. पण शिकला किशोरदांकडंच." आणि उपवनपर्यंत त्यांनी स्वतः योडलिंग केलं. माझ्या मते मूळ गाण्यापेक्षा बरं.

उपवन तलावावर धुकं उतरलं होतं. येऊरच्या रस्त्याला गेटच्या पुढं झाडं इतकी ओली आणि दाट की ठाणे शहर पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे हे पटत नाही. हा सगळा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. धबधब्यांकडं जायच्या विचारात असाल तर सोडून द्या. बहुतेक पावसाळ्यांत तिकडं बंदी असते आणि दर वर्षी कुणी ना कुणी ती मोडून वाहून जातं. रस्त्यानं चालावं, चहा प्यावा, परत यावं.

चहाच्या टपरीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पाण्यात तरंगत राहण्याचं गाणं ऐकलं. मगर, खार, मासा आणि माकड एकामागून एक भेटतात आणि ज्याला त्याला डोकं पाण्यावर ठेवायचा सल्ला देतात. मगर आणि माकड एकाच गोष्टीत म्हटल्यावर आपण लगेच काळीज झाडावर राहिलं का ते बघतो. इथं तसं काही होत नाही, सगळे सज्जन आहेत. पत्र्यावरच्या आवाजात निम्मे शब्द गेले, पण त्या ठेक्यात एक डुलणं आहे, नावेत बसल्यासारखं. टपरीवाली ताई भजी तळता तळता मान हलवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याआधी ऐकलेलं वस्तीतल्या गरिबीवरचं गाणं मात्र तसं नाही. तिथं विनोद बंद होतो, आवाज खाली येतो. आणि बरोबर त्याच्याच पाठीमागं तो फ्रेंचचा धडा ठेवलेला. भाच्याच्या यादीत तो उडवला होता. तो उडवला की गरिबीचं गाणं संपून थेट प्रेमाचं सुरू होतं आणि दोन्ही एकमेकांना मारतात. हे मी त्याला दोन्ही पद्धतींनी ऐकवलं. तो म्हणाला, "हं." त्याच्याकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ असतं.

रात्री घरी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर पुढचा भाग लावला. ताई भाकऱ्या थापत होती, दाजी पेपर घेऊन ओट्याजवळ बसले होते. साबण लावून अंघोळ करा असं ऐकवणारं छोटं गाणं आहे, त्याचा अर्थ भाच्यानं सांगितल्यावर दाजी खुश. पस्तीस वर्षं त्यांनी ठाणे ते व्हीटी लोकलनं नोकरी केली. "हे संध्याकाळच्या फास्टमध्ये लावायला पाहिजे. दारात उभ्या असलेल्यांसाठी."

मग नशीब फिरलं. या अल्बमात एक मिनिटभराचा तुकडा असा आहे, की त्यात नुसते धापा टाकल्याचे आणि हुंकारल्याचे आवाज आहेत. भाच्याचा हात फोनपर्यंत पोचेना, पिठानं भरलेला. ताईनं मान वर करून विचारलं, "कुणाला दमा लागलाय का रे?"

दाजींनी पेपर वर घेतला आणि तो बराच वेळ खाली आला नाही.

हा तुकडा मलाही नको आहे. त्यापाठचं मित्रमंडळींनी मिळून म्हटलेलं लांबलचक गाणंही त्याच वळणाचं. त्यात जंगल ब्रदर्स आणि क्यू-टिप येतात, मजा करतात, पण आतली गंमत त्यांची त्यांनाच. भाच्याचं हे लाडकं. मामा आणि भाच्यानं एकत्र बसून ऐकायचं नाही एवढं सांगतो.

रविवार : ट्रान्स-हार्बर, बेलापूर, दिवाळे

नवी मुंबईला जायचं तर ठाणे स्टेशनात नऊ किंवा दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी. पनवेल गाडी पकडली की बेलापूरला बदलावं लागत नाही. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघून घ्या. बहुतेक अकरानंतर असतो, म्हणून आम्ही सकाळीच निघालो. खिडकीची जागा मिळाली. डावीकडं पारसिकचा डोंगर, त्यावर उतरलेले ढग आणि ठिकठिकाणी पांढऱ्या रेघांसारखे धबधबे. उजवीकडं ऐरोलीपासून काचेच्या इमारती. फ्लेमिंगो मात्र आता नाहीत. ते बघायचे असतील तर थंडीनंतर या, मे महिन्याच्या आत.

बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज बघितलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत. छोट्या घरांचे पुंजके, प्रत्येक पुंजक्याच्या मधे सामाईक अंगण, प्रत्येकाला आपली घरं वाढवायची मोकळीक. आता कुणी मजला चढवलाय, कुणी पत्रा, कुणी ग्रॅनाइट लावलंय. मूळ घर त्यात शोधावं लागतं. तिथल्या एका कट्ट्यावर छत्री धरून ते प्रेमाचं गाणं नीट ऐकलं. स्टीली डॅन या बँडचा गुळगुळीत मुखडा, त्यावर गायक ओटिस रेडिंगची शीळ आणि त्यावर या पोरांचं हळू आवाजातलं आर्जव. ती शीळ ओटिसच्या शेवटच्या गाण्यातली, विमान अपघाताच्या थोडं आधी रेकॉर्ड केलेल्या. रॅप इतकं मवाळ असू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. परत लावलं. मग परत.

दुपारी दिवाळे कोळीवाड्यात. स्टेशनवरून रिक्षानं दहा मिनिटं. जून-जुलै ही यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी, त्यामुळं पापलेट-सुरमईचा आग्रह धरू नये. खाडीतली मासळी मिळते. आम्हाला भाच्याच्या मित्राच्या घरी जेवण होतं. कोलंबीचं कालवण, निवट्या आणि तांदळाची भाकरी. निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा दिसायला भयंकर आणि चवीला असा, की मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मित्राची आई म्हणाली, "जेव रे दादूस, लाजू नको." मी लाजत नव्हतो.

जेवणानंतर मित्र म्हणाला, पलीकडं बेंजो पार्टीची तालीम चालू आहे, चला. नारळी पौर्णिमा, दहीहंडी, गणपती, सगळ्या सुपाऱ्या तोंडावर. एका मंडपवजा शेडमध्ये बेंजो, ऑक्टापॅड, कच्छी ढोल आणि कॅसिओ. एका हळदीच्या गाण्यातून ते बघता बघता हिंदी गाण्यात शिरले, तिथून आरतीत, आरतीतून परत हळदीत. कुठं जोड दिसला नाही. भाच्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

मधल्या सुट्टीत त्यांच्या स्पीकरवर आमचा अल्बम लागला. ड्रग्जच्या विळख्यावरचं गाणं. खाली हॉल अँड ओट्स या जोडीची नाचरी चाल आणि वर क्रॅक कोकेननं उद्ध्वस्त झालेल्यांची हकीकत. मला भारूड आठवलं. हसवत हसवत विंचवाच्या नांगीपर्यंत नेणारं. कॅसिओवाल्या दादांना शब्दांशी घेणं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, दोन आवर्तनं ऐकली आणि तिसऱ्याला ती चाल उजव्या हातानं वाजवायला लागले. पुढं फंकाडेलिक या बँडच्या तुकड्यावरचं गाणं आलं, तेव्हा ऑक्टापॅडवालाही घुसला.

"मना आवरलं," दादा म्हणाले. "यो वाजवला कशावर?"

भाच्यानं सांगितलं, सॅम्पलर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतले तुकडे उचलून परत वाजवणारी यंत्रं, त्यात कॅसिओचं एक यंत्रही होतं. दादांनी आपल्या कॅसिओवर अशी थाप मारली, जणू घरातला पोरगा परीक्षेत पास झालाय.

आणि मग तो प्रश्न भाच्यानं स्वतःच विचारला. या गाण्यांच्या मधे ते लोक उगाच बोलतात, ते ठेवायचं की काढायचं? दादांनी एक क्षणही घेतला नाही. हळदीला रात्रभर वाजवायचं असतं, म्हणाले, मधे माईकवाला नवऱ्याच्या मामाची, आत्याची टिंगल करतो म्हणून हात सुटे करायला वेळ मिळतो. बोलणारा नसेल तर बेंजोवाल्याची बोटं जातात. आणि माणसंही नाचून दमतात, तेही तेवढ्यात पाणी पितात.

मला ही बाजू सुचलीच नव्हती. मी बतावणीकडं प्रेक्षकाच्या जागेवरून बघत होतो, हा माणूस मंचावरून सांगत होता.

परतीच्या गाडीत भाचा गप्प होता. जुईनगर गेल्यावर म्हणाला, "पण रेकॉर्डवर कुणाची बोटं दुखत नाहीत."

सोमवार : ठाणे ते सातारा

सकाळी गाडी पकडायची होती, त्यामुळं शेवटचा भाग एसटीतच ऐकला. पनवेलपर्यंत पाऊस, घाटात धुकं. शेवटाकडं अल्बम थोडा थकतो हे खरं. अगदी शेवटचा चोविसावा ट्रॅक म्हणजे आधी येऊन गेलेल्या गाण्याचीच जुनी प्रत, ती संग्राहकांसाठी. तेवीसवर उतरलात तरी काही बिघडत नाही. त्या तेविसाव्यात ट्रुगॉयचा आवाज ऐकताना मात्र मी जरा थांबलो. तो १२ फेब्रुवारी २०२३ ला गेला. अल्बम फोनवर यायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते.

लोणावळ्याला रेंज आल्यावर भाच्याला एक माहिती पाठवली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं हा अल्बम राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलाय, २०१० च्या यादीत. कोंबडीच्या पिसांसकट.

त्याचं उत्तर खंबाटकीला आलं. यांचा पुढचा अल्बम १९९१ चा, मुखपृष्ठावर तीच फुलं, पण कुंडी फुटलेली. त्यात तर पोरांना कचऱ्यात यांची कॅसेट सापडते, ती ऐकतात आणि मधे मधे येऊन शिव्या घालतात, अशी अख्खी गोष्टच आहे. खाली लिहिलं होतं, "यातलं काय काय काढू?"

मी दिवाळीचं आरक्षण बघतोय. फराळ ताईकडं, आणि दिवाळ्याच्या दादांना गणपतीनंतर वेळ असेल असं मित्रानं कळवलंय.